शेवटी वाजवणे

आमच्या गिरगावच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं ठरलं, म्हणजे तसं ते गेली सोळा वर्षं ठरतच होतं, पण या वेळी बिल्डरने खरंच भाड्याचे चेक हातात दिले आणि काकूला पंधरा दिवसांत खोली रिकामी करून द्यायची होती. मग काय, लागोपाठ दोन रविवार मी बोरिवलीहून स्लो लोकल पकडून चर्नी रोडला उतरत होते आणि संध्याकाळपर्यंत पोटमाळ्यावर उकिडवी बसून एकेक वस्तू खाली देत होते. पितळी बंब, बंद पडलेला रेडिओ, मखराचे थर्माकोलचे खांब (कुठल्या सालचे देव जाणे), माझ्या चुलतभावाची दहावीची पुस्तकं. आणि अगदी मागे, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली काकांची हवाईयन गिटार.

"अगं घेऊन जा ते धूड, नाहीतर भंगारवाला आहेच खाली," काकू म्हणाली. आणि मग मी निघेपर्यंत तीनदा बजावलं, टॅक्सीनेच ने हां, लोकलमध्ये नको, धक्के लागतात.

काका गोदीत क्लार्क होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्नाची रिसेप्शनं, गणपती, पारश्यांचे नवजोत, कुठेही. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात स्टीलची गुळगुळीत कांडी, काका तिला बार म्हणायचे. तारा पट्टीपासून उचललेल्या असतात, त्या दाबायच्या नाहीतच, नुसता बार त्यांच्यावरून सरकवायचा. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी नाही, घसरत जायचं. आपल्याकडे याला मींड म्हणतात आणि म्हणूनच हे वाद्य आपल्या लोकांना इतकं पटकन आपलं वाटलं असणार. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ भरायला जी वाद्यसंगीताची तबकडी लावायचे ना, त्यात बरेचदा हेच. आमच्या पिढीच्या कानात हवाई आहे पण आम्हाला ते माहीतच नाही.

गिटारीबरोबर वहीही निघाली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. प्रत्येक पानावर गाण्याचं नाव, पट्टी (काळी एक, पांढरी चार असं), खाली सरगम, आणि जिथे बार सरकवायचा तिथे सुरांच्या डोक्यावर कमान. काकांचं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा. शेवटच्या पानावर लिहिलं होतं,

"अलोहा ओय. पारंपरिक धून (हवाई बेटे). शेवटी वाजवणे."

ही धून मला पाठ आहे. रिसेप्शनमध्ये स्टेजवरची रांग संपली, लोक पान तोंडात टाकून निघायला लागले, केटररची पोरं खुर्च्या एकात एक घालायला लागली की काका हेच वाजवायचे. आम्हा पोरांसाठी त्याचा अर्थ एकच, आता चपला शोधा.

तर टॅक्सीत सिग्नलला अडकल्यावर मी सहज फोनवर शोधलं आणि पहिलंच कळलं ते हे की ही धून अजिबात पारंपरिक नाही. ती एका बाईने लिहिलीय, १८७८ मध्ये, शब्द आणि चाल दोन्ही. आणि ती बाई साधीसुधी नाही, पुढे जाऊन हवाईची राणी झालेली आणि शेवटची राणी ठरलेली लिलिउओकलानी.

मग जे व्हायचं तेच झालं, पुढचा महिनाभर मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हवाईच्या गाणी लिहिणाऱ्या लोकांच्या मागे लागले. घरच्यांनी नाद सोडला.

आधी राणीचं सांगते. दीडशेच्या वर गाणी आहेत तिच्या नावावर. ती एकटीच नाही, चारही भावंडं गाणी रचायची, थोरला भाऊ राजा कलाकाउआ, बहीण लिकेलिके, धाकटा लेलेइओहोकू. हवाईत त्यांना चौघं राजवंशी म्हणूनच ओळखतात आणि त्यांचे आपापले गायकांचे क्लब असायचे, एकमेकांवर कुरघोडी करणारे. कलाकाउआने लिहिलेलं गाणं आज हवाईचं अधिकृत राज्यगीत आहे, गंमत म्हणजे त्यात लोकांना सांगितलंय की आपल्या राजाकडे बघा. अमेरिकेच्या एका राज्याचं राज्यगीत!

आणि हा कलाकाउआ मुंबईत येऊन गेलाय. मी उडालेच वाचून. १८८१ मध्ये तो जगप्रदक्षिणेला निघाला होता, गादीवर असताना पृथ्वीला फेरी मारणारा पहिला राजा, उसाच्या मळ्यांसाठी मजूर कुठून आणता येतील तेही बघायचं होतं. कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आला आणि इथून बोटीने इजिप्तकडे गेला. व्हीटीची आजची इमारत तेव्हा पुरी व्हायची होती. आणि तो इथे होता तेव्हा तिकडे राज्याचा कारभार कोण बघत होतं, तर बहीण, आपली अलोहा ओयवाली.

अलोहा ओय खरं तर प्रेमाचं गाणं. ओआहू बेटावर मौनाविली म्हणून जागा आहे, तिथल्या एका घरून परत निघताना तिने आपल्या बरोबरच्या माणसाला एका मुलीने मिठी मारून निरोप दिलेला पाहिला आणि घोड्यावर परतीच्या वाटेतच तिला चाल सुचली असं सांगतात. बास, एवढंच. पण मग १८९३ च्या जानेवारीत तिकडच्या गोऱ्या धंदेवाल्यांनी, त्यात मिशनऱ्यांची पोरं-नातवंडं बरीच, अमेरिकन नौसैनिक बंदरावर उतरलेले असताना तिला गादीवरून उतरवलं. दोन वर्षांनी राणीच्या माणसांनी उठाव करून पाहिला, तो फसला, आणि तुला माहीत होतं तरी तू सांगितलं नाहीस म्हणून तिच्यावर खटला भरून तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत तिला कोंडलं.

तिथे ती काय करत होती, तर गाणी लिहित होती. कागद-पेन्सिल मिळायचं, वाद्य नव्हतं, म्हणून तोंडाने गाऊन बघायची आणि सूर उतरवून काढायची, हे तिने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय. तिथूनच गाणी बाहेर जाऊन शिकागोत छापली गेली, त्यात अलोहा ओय होतं. वर्तमानपत्र द्यायची बंदी होती. पण बागेतली फुलं यायची, आणि ती फुलं वर्तमानपत्रात गुंडाळलेली असायची! दादरच्या फूलबाजारातून आपण शेवंती आणतो तशी. राणी फुलं बाजूला ठेवून कागद वाचायची. त्या फुलांवर तिने गाणं केलंय, ऐकलं तर वाटेल बाई बागेचं वर्णन करतेय, कुठलं फूल सगळ्यांत सुंदर वगैरे. पण आभार मानलेत ते फुलं पाठवणाऱ्याचे, आणि कागदाचेही.

याला तिकडे काओना म्हणतात. गाण्याच्या पोटातला दुसरा अर्थ. आपल्याला हे समजवायला लागू नये, ज्याने आयुष्यात एक जरी लावणी नीट ऐकलीय त्याला माहितीय की बाई पाडाचा आंबा म्हणते तेव्हा फळाबद्दल बोलत नसते. पण हवाईयन लोकांनी याचा नुसता चावटपणा नाही केला, अख्खी भाषाच तशी वापरली. पाऊस, धुकं, फूल, धबधबा, प्रत्येकाच्या मागे कुणीतरी माणूस. हिइलावे नावाचं एक गाणं आहे, वायपिओ दरीतल्या धबधब्याचं नाव ते. त्यात म्हटलंय की दरीभर पक्ष्यांचा नुसता कलकलाट चाललाय, त्यातून मी कशीबशी सुटले. पक्षी कसले डोंबलाचे, गावातली माणसं कुचाळक्या करतायत, बाहेरून आलेल्या पोरीचं प्रकरण सगळ्यांना कळलंय! चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या मुलीला याहून जास्त काय सांगायला पाहिजे. आमच्या दुसऱ्या मजल्यावर दोन नळांच्या मध्ये उभे राहणारे पक्षी मला नावानिशी आठवतात.

गॅबी पाहिनुई नावाच्या गवयाने हे १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं, गिटारच्या तारा सैल करून वाजवायची त्यांची खास पद्धत आहे, स्लॅक की म्हणतात, ती रेकॉर्डवर उतरवणाऱ्या पहिल्या लोकांतला तो. पुढे एडी कामाए म्हणून मोठा युकुलेलेवाला होता, त्याला मेरी कावेना पुकुई या विदुषीने (हवाईयन भाषेचा मोठा शब्दकोश १९५७ मध्ये जिने सहकाऱ्याबरोबर केला ती) दिशा दाखवली आणि सत्तरच्या दशकात तो वायपिओला जाऊन सॅम लिआ नावाच्या म्हाताऱ्या गीतकाराला भेटला. हा म्हातारा लोकांना गाणी भेट द्यायचा. म्हणजे तुमच्याकडे बारसं असेल, घर बांधलं असेल, तर लोक कोंबडी नाहीतर टोपलीभर काहीतरी नेतात ना, तसा हा गाणं रचून न्यायचा. १९७५ मध्ये वारला.

हवाईयन भाषेत गाण्याला मेले म्हणतात. (हो, हसून घ्या. मीही हसले.) पण गिरगावात वाढलेल्या माणसाला मेले म्हटलं की आधी मेळे आठवतात. गणपतीतले मेळे, कोपऱ्याकोपऱ्यावर पदं म्हणत फिरणारी मंडळी, देवाचं गाता गाता सरकारला चिमटे काढणारी, ज्यांच्यावर इंग्रज सरकार डोळे वटारून असायचं. आता साल बघा. आमच्या इथल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला १८९३ मध्ये. हवाईची राणी पदच्युत झाली १८९३ मध्ये. आणि तिकडच्या रॉयल हवाईयन बँडच्या वाजंत्र्यांना नव्या सरकारने सांगितलं की आमच्याशी एकनिष्ठ राहू अशी शपथ घेऊन सही करा, नाहीतर नोकरी जाईल आणि दगड खायची पाळी येईल, तेही १८९३. त्यांनी सही केली नाही. राणीची मैत्रीण होती एलेन प्रेंडरगास्ट, तिच्याकडे जाऊन म्हणाले आमच्यासाठी गाणं लिही. तिने लिहिलं, कौलाना ना पुआ, आणि त्यात ठणकावून सांगितलंय की सही करणार नाही, तुमच्या सरकारचे पैसे नकोत, आम्हाला आमच्या भूमीचे दगड पुरेत. त्या गाण्याचं दुसरं नावच दगड खाण्याचं गाणं. चाल इतकी हसरी आहे की भाषा कळत नसेल तर तुम्ही त्यावर ठेका धराल. तिकडचे जाणते लोक मात्र त्यावर हुला नाचत नाहीत, हे नाचायचं गाणं नाही म्हणतात.

मला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागली. हवाईचं संगीत जगभर गेलं ते शब्द तिथेच टाकून. वाद्य गेलं, झुळझुळ गेली. जोसेफ केकुकू नावाचा लाइए गावचा मुलगा, १८८९ च्या सुमाराचं सांगतात, रुळांवर पडलेला बोल्ट उचलून गिटारच्या तारांवर घासून बघतो आणि त्यातून हे वाद्य निघतं (बोल्ट की कंगवा यावर कथा बदलतात, बोल्टची मला जास्त आवडते), १९०४ मध्ये तो अमेरिकेला जातो आणि पुढे युरोपलाही. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत तर साथच येते हवाईयन गाण्यांची. त्याच लाइएत वाढलेला टाउ मो बायको रोझला घेऊन जगभर वाजवत फिरतो, चाळीसच्या दशकात काही वर्षं कलकत्त्यातच राहतो, तिथे गार्नी निससारखे शिष्य तयार होतात, आणि मग बंगाल्यांच्या घराघरांत हार्मोनियमशेजारी ही गिटार दिसायला लागते. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत व्हॅन शिप्ली, तिकडे सुनील गांगुलींच्या तबकड्या, मग ब्रिजभूषण काब्रांनी हिच्यावर राग वाजवून दाखवले, १९६७ ची शिवकुमार-हरिप्रसादांबरोबरची ती रेकॉर्ड आमच्याकडेही होती. आणि या रस्त्याच्या अगदी टोकाला गोदीतून सुटून धोबीतलावच्या गल्लीत एका गोवेकर सरांकडे शिकायला जाणारे माझे काका. म्हणजे केकुकूपासून काकांपर्यंत साखळी नीट लागते. पण या सगळ्यात राणीचं नाव कुठे गळलं? वहीत "पारंपरिक" आलं. काकांची चूक नाही, त्यांच्या सरांनी सांगितलं असेल, त्यांना आणखी कुणी.

अमेरिकेने काय केलं की हवाईच्या चालींवर इंग्रजी शब्द घालून टुरिस्टांसाठी गाणी काढली, हापा हाओले म्हणतात त्या प्रकाराला, म्हणजे अर्धं गोरं. गवताचे घागरे, चांदणं, माडाची झाडं. १९३५ पासून वाइकीकीहून हवाई कॉल्स नावाचा रेडिओ कार्यक्रमच असायचा, चाळीस वर्षं चालला. मी आधी हे वाचून नाक मुरडत होते, मग आठवलं की शाळेच्या गॅदरिंगला मी स्वतः पुठ्ठ्याचं वल्हं घेऊन कोळीनृत्य केलंय, कमरेला खोचलेलं आणि चेहऱ्यावर भरपूर पावडर, आणि वरळी कोळीवाड्यातल्या एकाही माणसाशी तोपर्यंत बोलले नव्हते. तेव्हा जास्त बोलायला नको. आणि ती सगळीच गाणी टाकाऊ नाहीत, आर. अॅलेक्स अँडरसनसारख्या माणसाची गाणी छान आहेत, हवाईतच जन्मलेला तो, शंभर वर्षं जगला. पण पोस्टकार्ड ते पोस्टकार्ड.

दरम्यान तिकडे १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजी माध्यमाच्याच झाल्या, वर्गात हवाईयन बोललं की मुलांना मार बसायचा, आणि दोन पिढ्यांत भाषा आजी-आजोबांपुरती उरली. ती परत अधिकृत झाली १९७८ मध्ये. मुंबईतल्या मराठी शाळांचा विषय मी इथे काढत नाही, ही पोस्ट संपणार नाही. एवढंच सांगते की भाषा शाळेबाहेर होती तेव्हा ती राहिली कुठे, तर गाण्यांत. लोकांना अर्थ कळत नव्हता तरी गाणी तोंडपाठ होती.

माझी लेक चौदा वर्षांची आहे, तिला मी उत्साहाने हे सगळं सांगायला गेले तर म्हणते, "मम्मा, हवाईयन म्हणजे तो युकुलेलेवाला ना, रीलवर असतो तो?" तो म्हणजे इझ, इस्राएल कामाकाविवोओले. ते इंद्रधनुष्याचं गाणं त्याने १९८८ मध्ये पहाटे तीनच्या सुमाराला स्टुडिओत जाऊन एका दमात रेकॉर्ड केलं आणि ते १९९३ च्या अल्बममध्ये आलं. गोड आहेच. पण तो अल्बम सुरू होतो आणि संपतो दुसऱ्याच गाण्याने, ज्यात विचारलंय की आपले राजा-राणी आज परत आले आणि त्यांनी आपल्या जमिनीवरचे हे रस्ते, हे सिग्नल बघितले तर काय म्हणतील. ते लेकीला ऐकवलं. दोन मिनिटं ऐकलं तिने, मग म्हणाली सॅड आहे, आणि गेली. चालायचंच.

एकच गाणं अजून सांगते कारण ते चाळीत बसून ऐकलंय. पुआमाना. इर्मगार्ड आलुली नावाच्या बाईने तीसच्या दशकात केलेलं, दोनशेच्या वर गाणी आहेत तिची. माउई बेटावर लाहायनाला समुद्राकाठी त्यांचं घर होतं, भावंडांचं मोठं खटलं, पुआमाना त्या घराचं नाव. तिने आधी इंग्रजीत लिहिलं, वडिलांनी त्याचं हवाईयन करून दिलं. गाण्यात काही म्हणजे काही घडत नाही. घर, माड, चांदण्यातला समुद्र, आमचं घर. त्यांच्याकडे गाण्याच्या शेवटी एक कडवं असतं, हाइना, आपल्या अभंगात तुका म्हणे येतं त्या जागी. फक्त त्यात कवी स्वतःचं नाव घालत नाही, गाणं ज्याच्यासाठी बांधलं त्याचीच आठवण बरेचदा पुन्हा काढतात आणि थांबतात. लाहायना गाव २०२३ च्या ऑगस्टमध्ये वणव्यात जळालं, शंभरच्या आसपास माणसं गेली.

दुसऱ्या रविवारी खोली पूर्ण रिकामी झाली होती तेव्हा मी हे फोनवर लावलं. काकू सुटकेसवर बसली होती. सामान नसलं की आमच्या खोलीत आवाज घुमतो हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. काकूने विचारलं हे काय म्हणतायत, मी म्हटलं घराचं गाणं आहे. "कुठल्या घराचं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि मग जरा वेळाने, "तुझ्या काकांनी कधी वाजवलं नाही हे."

गिटार आता माझ्याकडे बोरिवलीत आहे. सहातल्या दोन तारा गंजून तुटल्यात, लाकूड ठीक आहे, बार सापडला नाही, काकू म्हणते खलबत्त्याच्या डब्यात असेल. तोपर्यंत मी स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने प्रयत्न केला, शेजाऱ्यांनी बेल वाजवली नाही ही त्यांची मेहेरबानी.

वहीचं मात्र केलं. शेवटचं पान उघडलं, "पारंपरिक धून" वर काट मारावी म्हणून पेन घेतलं आणि हात होईना, काकांचं अक्षर आहे ते. मग पेन्सिलने बाजूच्या समासात लिहिलं: शब्द व चाल, राणी लिलिउओकलानी, १८७८. खाली सरगमीच्या प्रत्येक ओळीखाली तिचे शब्द देवनागरीत बसवत गेले, अ-लो-हा ओ-ए, एकेका सुराखाली एकेक अक्षर. बसतात बरोबर. जिथे काकांनी कमान काढलीय तिथे "लो" येतो.